मागणी वरच्या ओळीत घे

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. अंकलीच्या चक्का जामची बातमी तू दिलीस, मथळा आला ‘वाहतूक ठप्प, प्रवाशांचे हाल’, आणि ती वाचून तुझे ऊसकरी वडीलच म्हणाले, “हे आंदोलक फार माजलेत.” बातमीत एक अक्षर खोटं नाही, मग असं का झालं, म्हणून विचारतेस.

अगं, खोटं नसलं म्हणून भागत नाही. कात्रण बघितलं मी. रांग कुठवर लागली, एसटी किती अडकल्या, पोलिसांनी किती जणांना उचललं, सगळं आहे. कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे कारखान्यानं द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते पैसे थकले म्हणून माणसं रस्त्यावर आली. हे कुठं गेलं? शेवटच्या परिच्छेदात होतं म्हणतेस. मग छापून कसं येईल? रात्री जाहिरात आली की बातमी खालून कापतात. मागणी वरच्या ओळीत घे.

अमेरिकेतल्या ओहायोचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या टोळीची सभा एका बातमीनं बोलण्याचा हक्क म्हणून दाखवली, दुसरीनं शांततेला धोका म्हणून. पहिली बातमी पाहिलेले विद्यार्थी सभेला परवानगी द्यायला जास्त राजी निघाले. असल्या टोळीच्या बाबतीत हे घडतं, तर उसाच्या पैशाचं काय घेऊन बसलीस!

२०१७ च्या शेतकरी संपात टीव्हीवर दिवसभर रस्त्यावर ओतलेलं दूध. लोक चिडले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मोर्चा मुंबईला चालत आला, दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून रात्रीतून आझाद मैदान गाठलं. सोललेल्या तळव्यांचे फोटो फिरले, मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या. छान झालं. पण ते फोटो पुढं पाठवणाऱ्या कितीजणांना ठाऊक होतं, की यातले बरेच आदिवासी कसत्या वनजमिनीचा हक्क मागायला आलेत? राग असो की कणव, मागणी खालीच राहते. मला तर कणवेचीच धास्ती जास्त. तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

मी डेस्कवर असताना याच हट्टापायी वरिष्ठांशी वाजलं. ‘तू पत्रकार की कार्यकर्ता?’ हे ऐकून घेतलं. उचलून बाजारभावाच्या पानावर टाकलं मला. टाकू देत. प्रवाशांचे हाल मी कधी दडवले नाहीत, दुसऱ्या परिच्छेदात घेतले, एवढंच. रस्ता का अडला ते गाळून अडला एवढंच छापायचं, हा कुठला तटस्थपणा? असो, माझं गाऱ्हाणं राहू दे.

आणि ‘मथळा माझ्या हातात नसतो’ हे मला तरी सांगू नकोस. मथळा देणारा उपसंपादक घाईत वरची ओळ वाचतो आणि मोकळा होतो. मीही तेच करायचो. म्हणून परत सांगतो, मागणी वर.

पुढच्या बातमीआधी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी बस. ऊस कधी गेला ते वजनपावतीवर असतं, पैसे कधी आले ते पासबुकात. दोन्ही तारखा स्वतःच्या डोळ्यांनी बघून टिपून घे, ऐकीव नको. आणि जेवत जा वेळेवर.

तुझा,
काका
सांगली