सिबिल ‘साफ’ करायला 15,000 रुपये द्यावेत का?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या वाचकांचा प्रश्न आहे. विश्रामबागेत फ्लॅट बघितलाय, 22 लाखांचं कर्ज लागेल, पण सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमधल्या दोन नोंदी आडव्या येतात. एक एजंट 15,000 घेऊन दोन्ही ‘काढून देतो’ म्हणतोय.

देऊ नका. तुमचा रिपोर्ट मी पाहिला. दोन्ही नोंदी वाईटच दिसतात, पण त्यातली चूक एकच आहे.

मोटरसायकलचं कर्ज जून 2021 मध्ये फिटलं, एनओसी (काही बाकी नसल्याचा दाखला) तुमच्याकडे आहे, तरी 1,140 रुपये थकीत दिसतात. याची तक्रार सिबिलच्या साइटवर फुकट होते. सिबिल मनानं आकडा बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारतं. म्हणून एनओसीची प्रत जोडून त्यांनाही त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तरीही ढिम्म राहिले तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही फुकट. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचेही रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा पैसे पडत नाहीत.

क्रेडिट कार्डाचं मात्र तसं नाही. 42,000 चं देणं 18,000 वर मिटवलंत, म्हणून ‘सेटल्ड’ लागलं. ते खरंच आहे. खऱ्या नोंदीवर कितीही तक्रारी करा, बँक ‘बरोबर आहे’ एवढंच कळवणार. एजंट पहिलं फुकटातलं काम करून पैसे घेईल आणि दुसऱ्याला हात वर करेल. वर तुमचा पॅन आणि ओटीपी त्याच्याकडे, हे मला जास्त खटकतं.

तेच 15,000 उरलेल्या 24,000 कडे वळवा. बँक व्याज लावून जास्त मागेल, तिथे घासाघीस करा. पण ‘एवढे भरल्यावर खातं क्लोज्ड, म्हणजे पूर्ण फेडलेलं, दाखवू’ असं पत्र हातात पडल्याशिवाय रुपया भरू नका. पूर्वी उशिरा भरल्याच्या खुणा लगेच जाणार नाहीत. तरी हिशोब बघा: ‘सेटल्ड’ तसंच राहून व्याजदर अर्धा टक्का जास्त पडला, तर 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला साधारण 700 रुपयांनी वाढतो.

बिल्डर इसारासाठी मागे लागलाय म्हणता. दोन्ही नोंदी बदललेला नवा रिपोर्ट येईपर्यंत त्याला थांबवा. नाहीच थांबला, तर कर्ज नाकारल्यास इसार परत, हे करारात लिहून घ्या.