अधिवेशनातला कचरा कसा कमी करावा?

प्रश्न : आमच्या जिल्हा ग्रंथालय संघाचं अधिवेशन दोन दिवसांचं आहे, प्रतिनिधी २००. ते पर्यावरणपूरक करायचं तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी ठिकाण. सगळ्यात जास्त इंधन प्रवासातच जळतं. सभागृह एसटी स्टँडपासून चालत जाण्याजोगं घ्या. पाण्याच्या बाटल्या पूर्ण बंद. माणशी अडीच लिटर धरून २० लिटरचे २५ जार रोज लागतील. स्टीलचे पेले मात्र ३०० हवेत. २००च आणले तर सुट्टीत सगळे एकदम पाण्याला येतात, धुणं मागे पडतं आणि कुणीतरी कागदी कप काढतं. त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो, ते रद्दीतही जात नाहीत! फलक फ्लेक्सचा नको, कापडी शिवून घ्या. साल आणि गाव वेगळ्या पट्टीवर लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी फक्त पट्टी बदलायची.