६४ जीबीचा पेनड्राइव्ह ४ एमबीचा दिसतो तेव्हा

तुम्ही दोन पेनड्राइव्हबद्दल विचारले आहे आणि त्यांची दुखणी एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. पहिला ६४ जीबीचा आहे. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी एक लिनक्स प्रणाली) टाकण्यासाठी वापरल्यापासून तो विंडोजमध्ये जेमतेम ४ एमबीचा दिसतो आणि कितीही वेळा फॉरमॅट केला तरी आकडा हलत नाही. दुसरा ऑनलाइन सेलमध्ये सहाशे रुपयांना घेतलेला असून तो व्यवस्थित २ टीबी दाखवतो. तुम्हाला चिंता पहिल्याची आहे, मला मात्र दुसऱ्याची वाटते.

नवा असतानाही पहिला ड्राइव्ह ५८ जीबीच दाखवत होता, म्हणजे दुकानदाराने फसवले का, हेही तुम्ही विचारले आहे. तसे झालेले नाही. पेनड्राइव्ह बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज त्याच नावाखाली १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे अधिक बाइट मोजते, त्यामुळे खऱ्या ६४ जीबीचे तिथे ५९.६ होतात. त्यातूनही थोडी जागा ड्राइव्ह स्वतःच्या कारभारासाठी राखून ठेवतो, म्हणून ५७ ते ५९ च्या दरम्यानचा कोणताही आकडा निकोप समजावा.

आता ४ एमबीकडे वळू. उबुंटूची आयएसओ फाइल (म्हणजे सगळी प्रणाली एकाच फाइलीत बांधलेली प्रत) काही साधने ड्राइव्हवर जशीच्या तशी, पहिल्या बाइटपासून उतरवतात, आणि त्या फाइलमध्ये तिची स्वतःची विभागणी आधीच आखलेली असते. त्यातला बूटसाठीचा, म्हणजे संगणक सुरू करण्यासाठीचा चिमुकला भाग तेवढा विंडोजला ओळखता येतो आणि त्यालाच ती ड्राइव्हचे अक्षर देते. उरलेले ५८ जीबी जागेवरच असतात, पण त्यांना नाव नसल्यामुळे ‘धिस पीसी’मध्ये ते दिसत नाहीत. उजवे क्लिक करून केलेला फॉरमॅट हा फक्त त्या ४ एमबीच्या चौकटीतला फॉरमॅट असतो. घराची एकच खोली पुन्हा पुन्हा झाडून घर मोठे होणार नाही, तसेच हे आहे.

त्यामुळे जुनी आखणीच पुसावी लागते आणि त्यासाठी विंडोजमधलेच डिस्कपार्ट हे आज्ञा टाइप करून चालवायचे साधन पुरेसे आहे. मात्र ते विचारपूस न करता पुसते आणि चुकीची डिस्क निवडली गेली तर लॅपटॉपची आतली डिस्कही त्याच सहजतेने साफ करते, म्हणून एक सवय मी कधीही मोडत नाही. पेनड्राइव्ह न लावता कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून डिस्कपार्ट सुरू करावे आणि ‘लिस्ट डिस्क’ ही आज्ञा द्यावी (अर्थातच इंग्रजी लिपीत). मग पेनड्राइव्ह लावून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. यादीत जी ओळ नव्याने आली, तीच आपली डिस्क. ती ‘डिस्क १’ असेल तर ‘सिलेक्ट डिस्क १’ म्हणावे आणि त्यानंतर तिसऱ्यांदा यादी मागवावी, म्हणजे निवडलेल्या ओळीच्या डाव्या टोकाला एक छोटी चांदणी दिसते. चांदणी योग्य ओळीसमोर आहे ना, हे पाहिल्यावरच ‘क्लीन’, मग ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, मग ‘फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक’ आणि शेवटी ‘असाइन’ या आज्ञा क्रमाने द्याव्यात. ड्राइव्ह गाडीच्या स्टिरिओला किंवा जुन्या टीव्हीला लावायचा असेल तर ती यंत्रे बहुधा एक्सफॅटऐवजी फॅट३२ ही फॉरमॅटची जुनी पद्धत मागतात. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला तो पर्याय सहसा मिळत नाही, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

हे सगळे तेव्हाच लागू पडते, जेव्हा ‘लिस्ट डिस्क’मध्ये त्या ओळीसमोर ५८ च्या आसपासचा आकडा असेल. तिथेच शून्य बाइट किंवा ‘नो मीडिया’ असे दिसले, तर ड्राइव्हमधल्या नियंत्रक चिपचा मेमरीशी संपर्क तुटलेला असतो आणि कोणत्याही फॉरमॅटने तो जोडला जात नाही. अशा वेळी अनोळखी संकेतस्थळांवरून ‘रिपेअर टूल’ उतरवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ड्राइव्ह गेलेलाच असतो, त्यापायी संगणकही जायला नको.

आता तुमचा २ टीबीवाला. ड्राइव्हची क्षमता संगणक स्वतः मोजत नाही. नियंत्रक चिप जो आकडा सांगते तोच तो मान्य करतो. नकली ड्राइव्हमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची मेमरी बसवून चिपला २ टीबी म्हणायला शिकवलेले असते. खरी जागा संपल्यावर पुढचा मजकूर एकतर कुठेही न लिहिता सोडून दिला जातो, नाहीतर पुन्हा आरंभाकडे वळून आधीच्या फाइलींवर लिहिला जातो. दोन्ही प्रकारांत कॉपी होताना चूक दाखवली जात नाही.

माझ्या एका नातेवाइकांनी लग्नाचे सगळे व्हिडिओ अशाच एका ड्राइव्हवर ठेवले होते. फोल्डर उघडले की प्रत्येक फाइलचे नाव, तारीख आणि आकार बिनचूक दिसत असे, कारण फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या मेमरीच्या भागात लिहिली जाते. हळदीचे व्हिडिओ चालले. मंगलाष्टकांपासून पुढचे एकही उघडले नाही, आणि कॅमेऱ्याचे कार्ड तोवर रिकामे करून झाले होते.

तेव्हापासून नवा ड्राइव्ह आला की मी आधी त्याची परीक्षा घेतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे साधन इन्स्टॉल न करता चालते. ते रिकामा ड्राइव्ह स्वतःच्या फाइलींनी काठोकाठ भरते आणि लिहिलेले सगळे परत वाचून ताडून पाहते. लिनक्सवर हेच काम एफ३ करते. परीक्षेला वेळ लागतो: सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर २ टीबी भरायलाच सुमारे ५५ तास जातील. म्हणून तुमच्या बाबतीत सुरुवातीला १०० जीबीचीच चाचणी लावावी. नकली असेल तर बहुधा तेवढ्यातच उघडे पडेल, मात्र तेवढ्यात उत्तीर्ण झाला म्हणून तो खरा ठरत नाही. एफ३मध्ये एफ३प्रोब नावाचा झटपट मार्गही आहे, पण तो वापरताना आतला मजकूर गेलाच असे समजावे.

त्या ड्राइव्हवर आत्ता काही ठेवलेले असेल तर आधी प्रत्येक फाइल उघडून पाहा आणि ज्या उघडतात त्या संगणकावर उतरवून घ्या. तोपर्यंत त्यावर नवीन काही टाकू नका, जुन्या फाइली पुसून जागाही करू नका. चाचणीत खोटा निघाला तर निकालाच्या खिडकीचे छायाचित्र काढून परताव्याची मागणी करा; परताव्याची मुदत संपायची असेल तर हे काम ६४ जीबीवाल्याच्या आधी उरका.