साडेतीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या दारात रोज आकांत करते. आई म्हणून माझ्या नात्यातच काही कमी राहिलं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सोडताना रडते, ताई सांगतात तुम्ही गेल्यावर थोड्याच वेळात खेळायला लागते, आणि दुपारी तुम्हाला बघितलं की पुन्हा भोकाड पसरते. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलीस. तुम्हाला वाटतंय बँकेतली नोकरी नडली.

मी बालवाडीत छोटा गट घेते, त्यामुळे जून महिना कसा जातो ते मला विचारूच नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तरी मुलीचं उत्तम चाललंय. सोडताना मूल किती रडतं यावरून नातं जोखता येत नाही. आई परत आल्यावर ते काय करतं, तिकडे बघायचं.

हे माझ्या पदरचं नाही. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाजवळच्या गावांत घरोघरी जाऊन आया आणि तान्ही मुलं बघितली, पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला तेच काम नेटानं केलं. त्यांचा गाजलेला प्रयोग साधा आहे. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल, अनोळखी खोली, खेळणी. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. सगळ्यांना वाटतं निकाल रडण्यावर लागत असेल. तसं नाही. मोठा भर आई परत आल्यावर काय होतं यावर असतो: मूल तिच्याकडे झेपावतं का, कुशीत शिरून शांत होतं का, आणि मग पुन्हा खेळण्यांकडे वळतं का. काही मुलं आई गेली तरी ढिम्म, आली तरी मान वळवत नाहीत. अशी मुलं पाहुण्यांना ‘किती शहाणं बाळ’ वाटतात. एन्सवर्थबाईंना तसं वाटलं नाही.

हाच प्रयोग जपानमध्ये सप्पोरोला झाला तेव्हा बऱ्याच बाळांनी असा काही टाहो फोडला की आईला बाहेर ठेवायची वेळ कमी करावी लागली. त्या बाळांना आईपासून लांब राहायची सवयच नव्हती. आपल्याकडची मुलं आईच्या कुशीत झोपतात, जिथे जाईल तिथे कडेवर असतात. ती फाटकाशी रडली तर नवल काय?

आता दुपारच्या रडण्याबद्दल. माझ्या वर्गात एक मुलगा होता. सकाळभर अगदी गुणी. डबा स्वतः उघडायचा, सांडलेले पोहे एकेक करून वेचायचा. आई दारात दिसली की पाय पुढे करून हुकूम, “चपला तू घाल.” तिनं घातल्या की “उलट्या घातल्यास” म्हणून रडारड. चपला सुलट्याच असायच्या. आई बिचारी माझ्याकडे बघून ओशाळायची, की आता ताई म्हणणार घरी वळण नाही. पाच मिनिटांनी साहेब कडेवर, तिच्या मंगळसूत्राशी चाळा करत, आणि तोंडानं वर्गातल्या मारामारीची बातमी चालू. सकाळभर आवरून धरलेलं सगळं त्यानं आईपुढे ओतलं. आमच्यापुढे ओतलं नाही, कारण आम्ही ताई. तुमची लेक तेच करतेय. त्या वेळी “शाळेत काय केलंस, डबा संपवलास का” ही सरबत्ती नको. कडेवर घ्या, जरा शांत होऊ द्या, बातम्या आपोआप येतात.

लाडावलीस या आरोपाचं थोडक्यात सांगते. बाल्टिमोरच्या त्याच घरांत असं दिसलं होतं की पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याकडे आईनं लगेच लक्ष दिलं, ती वर्षाच्या शेवटाला कमी रडत होती. त्यावर अभ्यासकांचे वाद झाले, पण ‘उचललं की सवय लागते’ हे काही सिद्ध झालेलं नाही. सासूबाईंशी मात्र यावरून भांडू नका. मुलीचा आजीला लळा असेल तर तो तुमच्या वाटणीतून जात नाही.

नोकरीचंही तसंच. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. पाळणाघरात राहिल्यामुळे आईशी नातं बिघडतं असं त्यात दिसलं नाही. आई मुलाच्या खाणाखुणा ओळखून प्रतिसाद देते की नाही, यानं फरक पडत होता.

तुम्हाला खरोखर सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. गुपचूप सटकू नका. रोज बघते मी. आई म्हणते, “ते बघ कबुतर!” मूल खिडकीकडे वळतं आणि आई पसार. त्या दिवशी रडणं कमी झालेलं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र पोरगी मुठीतलं ओढणीचं टोक सोडत नाही, आणि कबुतराकडे ढुंकून बघत नाही. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्येच लिहून ठेवलंय की साधारण तीन वर्षांनंतर मूल परक्या जागी शिक्षिकेजवळही निर्धास्त राहू शकतं, पण काही अटींवर: ती व्यक्ती ओळखीची हवी, मूल आजारी नको, आणि आई कुठे आहे व परत भेटणार आहे याची त्याला खात्री हवी. सटकणारी आई नेमकी ही शेवटची अट मोडते. “रडलीस तर घ्यायला येणार नाही” ही धमकी तर त्याहून वाईट. गमतीतही नको.

तेव्हा सांगून निघा. साडेबारा म्हणजे काय ते तिला कळत नाही. “डबा खाल्ला, गाणी झाली की मी आलेच” हे कळतं. एकच पापा, आणि मग मागे वळायचं नाही. तीनतीनदा परत येऊन डोळे पुसणाऱ्या आईमुळे आमचं काम वाढतं. घ्यायला बाबा येणार असतील तर ते सकाळीच सांगा. रुमाल नाहीतर जुन्या ओढणीचा तुकडा दप्तरात देत असाल तर खुशाल द्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. मुलं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. हल्लीच्या शाळांत पालकांना फाटकाच्या आत पाय ठेवू देत नाहीत, हे मला पटत नाही.

काळजी कधी करायची? महिना-दोन महिने उलटूनही ती तिथे खात नसेल, कुणाशी बोलत नसेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, किंवा पडली-लागलं तरी कुणाही घरच्या माणसाकडे येत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वर्गात कुणी ओरडतं-मारतं का हेही शांतपणे बघा. एरवी उद्या ताईंना विचारा की आठवडाभर रोज पंधरा-वीस मिनिटं वर्गात कोपऱ्यात बसू का. बहुतेक ताई हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर निदान सोडायच्या वेळी त्यांनी स्वतः दारात येऊन मुलीचा हात धरावा एवढं मागून घ्या. मावशींच्या हाती सोपवणं वेगळं आणि दिवसभर जिच्याजवळ बसायचं त्या ताईंच्या हाती सोपवणं वेगळं.