पाऊस पाइपातला, आवाज उसना : ‘सिंगिंग इन द रेन’विषयी वाचकांचे प्रश्न

‘सिंगिंग इन द रेन’ (1952) या हॉलिवूडच्या संगीतपटाच्या शीर्षकगीतात पाऊस नीट दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं आहे का?

नाही. पाणी साधंच होतं, करामत दिव्यांची. पावसावर समोरून प्रकाश टाकला तर थेंब कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाहीत. मागून टाकला की धार न् धार चमकते. रस्ता एमजीएम या स्टुडिओच्या आवारातला. त्यावर काळी ताडपत्री ताणून भरदिवसा रात्र केली होती. डबकी मात्र खरोखरच खणलेली. नायक जीन केलीचं पाऊल जिथे पडणार, नेमकं तिथेच पाणी साचायला हवं होतं! दुपार उतरली की स्टुडिओ होता त्या कल्व्हर सिटीतले लोक घरापुढच्या हिरवळीला पाणी घालायला लागायचे आणि इकडे पावसाचा जोर ओसरायचा. लोकरीचा सूट भिजून आटत होता आणि केलीच्या अंगात 103 ताप होता. पडद्यावर त्याचा मागमूस नाही.

यातली गाणी या चित्रपटासाठीच लिहिली होती का?

बहुतेक नाहीत. निर्माता आर्थर फ्रीड हा मूळचा गीतकार. संगीतकार नेसिओ हर्ब ब्राउनबरोबर त्याने केलेली जुनी गाणी पडून होती. शीर्षकगीत तर 1929 सालीच पडद्यावर येऊन गेलं होतं. बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयीला हुकूम मिळाला, की या गाण्यांभोवती गोष्ट रचा. म्हणजे आधी तोरणं, मग मांडव. दोघांनी शहाणपणा असा केला, की गोष्ट त्या गाण्यांच्याच काळात नेऊन ठेवली, मूकपट आटोपून बोलपट आले त्या धांदलीत. ‘मेक ’एम लाफ’ हे नवं गाणं. पण त्याची चाल संगीतकार कोल पोर्टरच्या ‘बी अ क्लाउन’च्या (‘द पायरेट’, 1948) इतकी जवळची आहे, की याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही. पोर्टर कोर्टात गेला नाही, हा त्याचा मोठेपणा.

नायिका डेबी रेनॉल्ड्स स्वतः गायली आहे ना? मग दुसऱ्या गायिकेचं नाव का घेतात?

काही गाणी ती स्वतः गायली आहे, सगळी नाही. इथे जरा सावकाश वाचा. कथेत लीना ही मूकपटांची तारका, आवाज चिरका. म्हणून डेबीने साकारलेली कॅथी पडद्याआड उभी राहून तिच्यासाठी बोलते आणि गाते. ‘वुड यू’ हे गाणं कॅथी लीनासाठी गाताना दिसते. प्रत्यक्षात तो आवाज बेटी नॉइज या गायिकेचा. कॅथी लीनाचे संवाद म्हणते तिथे तर कमालच आहे. ऐकू येणारा घोटीव आवाज डेबीचा नव्हेच; तो लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगनचा स्वतःचा, अस्सल आवाज. म्हणजे हेगनला आवाज देणाऱ्या डेबीला हेगननेच आवाज दिला!

आणि ज्या चित्रपटाचा सगळा डाव ‘पडद्यामागचा आवाज कुणाचा ते सांगा’ यावर रंगतो, त्याच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइजचं नाव नाही. आपण तरी कुठे वेगळे होतो म्हणा. ‘महल’च्या (1949) ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून आधी ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लतादीदी.

डेबीला आधीपासून नाच येत होता?

छे. जिम्नॅस्टिक्स येत होतं. वय 19, समोर केली आणि डोनाल्ड ओकॉनर हे कसलेले नर्तक, त्यात केलीची जीभ तिखट. एकदा ती पियानोखाली बसून रडत असताना नामवंत नर्तक-नट फ्रेड अस्टेअरने तिला पाहिलं आणि आपली तालीम बघायला नेलं. ‘गुड मॉर्निंग’ या गाण्याचं चित्रीकरण सकाळी सुरू झालं ते रात्री उशिरा संपलं, तिच्या पायांतून रक्त आलं. कोचावर चढून तो उलटवणारे ते तिघे पुन्हा पाहाल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघा, हसू कुठेही ढळत नाही. केलीच्या वागण्याचं समर्थन मला करवत नाही. ती मात्र त्या दोघांच्या बरोबरीने नाचली, हे कबूल करावंच लागतं.

ऑस्कर किती मिळाले?

एकही नाही. नामांकनं दोन, एक संगीतासाठी आणि दुसरं जीन हेगनला सहाय्यक अभिनेत्री म्हणून. तो पुरस्कार ग्लोरिया ग्रॅहमने नेला, तोही एमजीएमच्याच ‘द बॅड अँड द ब्यूटिफुल’साठी.