वाचकांचे प्रश्न : छोटे रेझोनेटर आणि ऐकण्याची खोली

प्रश्न : माझी संगीत ऐकण्याची खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. खर्जातले काही स्वर खोलीत इतके घुमतात की बाकीचे वादन झाकले जाते, तर त्यांच्याच शेजारचे काही स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. भिंतीला चिकटवायच्या धातूच्या लहान वाट्या, म्हणजे छोटे रेझोनेटर (ठरावीक स्वरालाच घुमणारी पोकळ भांडी), योग्य जागी लावले तर हा दोष जातो असे वाचले. या वाट्या नेमक्या कुठे लावाव्यात?

उत्तर : आपली तक्रार ज्या स्वरांबद्दल आहे, त्या स्वरांवर एवढ्याशा वाटीचा परिणाम होऊ शकत नाही, मग ती कुठेही लावली तरी. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण जागा शोधण्यात आपला वेळ फुकट जाऊ नये असे मनापासून वाटते.

समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतरात एखाद्या स्वराची अर्धी तरंगलांबी बरोबर बसली की तो स्वर खोलीत साचतो आणि थांबवल्यावरही रेंगाळतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने आपल्या खोलीत लांबीमुळे ३४, रुंदीमुळे ४३ आणि उंचीमुळे ५७ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपास असे साचणारे स्वर तयार होतात, आणि त्यांच्या दुपटी-तिपटींनाही तेच घडते. अशा वेळी हवेच्या दाबाचा चढउतार भिंतीशी सर्वांत जास्त असतो, तर पहिल्या स्वरासाठी दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर तो जवळपास शून्य होतो. एकच स्वर एका खुर्चीवर अंगावर येतो आणि दुसऱ्या खुर्चीवर गायब होतो, तो यामुळेच.

आता वाटीचा हिशेब करू. साधारण २ सेंटिमीटर खोल आणि ३ सेंटिमीटर तोंडाच्या उघड्या वाटीतल्या हवेचा स्वतःचा स्वर ३००० हर्ट्झच्या घरात असतो. सतारीची तरफेची तार तिच्या स्वरालाच झंकारते आणि इतर स्वरांना गप्प राहते, तशीच ही वाटी ४३ हर्ट्झला गप्प राहते. बरे, ३००० हर्ट्झला तरी ती किती काम करील? सपाट भिंतीवरचा एकटा रेझोनेटर जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाइतका ध्वनी शोषू शकतो याला मर्यादा आहे : तरंगलांबीचा वर्ग करून त्याला सुमारे ६.२८ ने भागायचे. ३००० हर्ट्झसाठी हे उत्तर २० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सबीन यांच्या सूत्राप्रमाणे आपल्या ६० घनमीटरच्या खोलीतला निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, ०.४ सेकंदावर आणायचा तर एकूण सुमारे २४ चौरस मीटर शोषण लागते, म्हणजे एका वाटीचा वाटा, तोही एकाच अरुंद पट्ट्यात, बारा हजारांत एक इतका पडतो.

रेझोनेटरची कल्पना मात्र खोटी नाही आणि नवीही नाही. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने नाट्यगृहातल्या आसनांखाली स्वरांत मिळवलेली काशाची भांडी ठेवण्याची रीत लिहून ठेवली आहे, आणि युरोपातल्या अनेक मध्ययुगीन चर्चच्या भिंतींत मातीची मडकी बसवलेली सापडतात. पण ती भांडी म्हणजे अंगठ्याएवढ्या वाट्या नव्हेत. खालच्या स्वराला मोठे पोट, म्हणजे आतली मोठी पोकळी लागते, यातून सुटका नाही.

आपण काही विकत घेण्याआधी खुर्ची हलवून पाहावी. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर लांबीच्या दिशेचे सगळे साचलेले स्वर एकदम कानी पडतात, आणि बरोबर मध्यावर बसलात तर ३४ हर्ट्झ हरवून ६९ हर्ट्झ फुगतो. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे आपल्याकडे १.९ मीटरवर बसून पाहावे असा एक प्रचलित ठोकताळा आहे. तो केवळ सुरुवातीचा बिंदू समजावा आणि तिथून वीतभर पुढे-मागे सरकत ऐकावे.

प्रश्न : वरच्यासारख्याच आकाराच्या खोलीत ४३ हर्ट्झचा स्वर फार घुमतो, हे मी मायक्रोफोनने मोजून पाहिले आहे. त्यासाठी मोठा रेझोनेटर स्वतः बनवायचा विचार आहे. त्याचे माप, जागा आणि जुळवणी कशी करावी?

उत्तर : आपण आधी मोजलेत हे फार चांगले केलेत, ज्याची वारंवारता ठाऊक नाही त्या स्वरासाठी रेझोनेटर बनवता येत नाही.

आपल्याला हवा आहे तो प्रकार हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. हेल्महोल्ट्झ पोकळ गोल कानाशी धरून मिश्र ध्वनीतले एकेक स्वर वेगळे ओळखत असे. अशा रेझोनेटरला बाटलीसारखी अरुंद मान आणि पोकळ पोट असते; मानेतली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे स्वर ठरतो तो मानेचे क्षेत्रफळ, मानेची लांबी आणि पोटाचे आकारमान या तिन्हींवरून. ७५० मिलिलिटरच्या अरुंद मानेच्या काचेच्या बाटलीवर फुंकर घातली तर ११० हर्ट्झच्या आसपासचा स्वर निघतो. मान तीच ठेवून वारंवारता निम्मी करायची तर आकारमान चौपट लागते, म्हणून ४३ हर्ट्झला तशाच मानेचे जवळपास ५ लिटरचे पोट हवे. मात्र इतक्या अरुंद मानेतून शोषण थोडेच होते. खोलीत फरक जाणवायचा असेल तर मान रुंद आणि पोट मोठे, म्हणजे ५० ते १०० लिटरचे भक्कम, फटी नसलेले खोके धरून चालावे, आणि बहुधा एकाहून अधिक.

जागेबद्दल एकच कसोटी आहे : ज्या स्वराचा बंदोबस्त करायचा, त्या स्वराचा दाब जिथे सर्वाधिक, तिथे रेझोनेटरचे तोंड असावे. खोके कुठे आहे यापेक्षा तोंड कुठे आहे हे महत्त्वाचे. आपला ४३ हर्ट्झ रुंदीचा आहे, तेव्हा डाव्या किंवा उजव्या भिंतीलगत कुठेही चालेल. समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवलेले तेच खोके निरुपयोगी ठरेल. कोपऱ्यात सगळ्याच साचलेल्या स्वरांचा दाब जास्त असल्यामुळे शंका असेल तेव्हा कोपरा धरावा. तोंड भिंतीकडे वळवायचे असल्यास मध्ये काही बोटे अंतर सोडावे, कारण तोंडासमोर फारच अरुंद फट राहिली तर मान जणू लांबते आणि स्वर खाली उतरतो.

जुळवणीसाठी फुंकर पुरेशी नाही, कारण ओठांनी तोंडाचा काही भाग झाकला जातो आणि स्वर बदलतो. त्याऐवजी बारीक मायक्रोफोन मानेतून पोटात सोडावा, स्पीकरवर ३० ते ६० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावावा आणि आतली पातळी कोणत्या वारंवारतेला उसळते ते पाहावे. स्वर चढवायचा तर आत वाळूची घट्ट बांधलेली पिशवी ठेवून आकारमान घटवावे, उतरवायचा तर मानेला नळीचा तुकडा जोडून ती लांबवावी. दिवस तापला तर जुळवणी बिघडेल अशी भीती नको. तापमानाबरोबर ध्वनीचा वेग वाढला की खोलीचा स्वर आणि रेझोनेटरचा स्वर एकाच प्रमाणात चढतात.

यानंतर बरेच जण थांबतात, आणि खरे काम इथेच उरलेले असते. आत काहीच न घातलेला रेझोनेटर ध्वनी साठवतो आणि थोड्या वेळाने परत सोडतो. मोजणीच्या आलेखात एका उंच शिखराच्या जागी दोन लहान शिखरे दिसतात आणि स्वर रेंगाळायचा तो रेंगाळतोच. मानेच्या आतल्या तोंडाशी पातळ कापड ताणून लावावे किंवा थोडा पिंजलेला कापूस ठेवावा, म्हणजे हलणाऱ्या हवेला घर्षण मिळते. एकेक थर वाढवत पुन्हा मोजावे. दोन शिखरांमधली दरी भरून आली आणि स्वर लवकर विरू लागला की थांबावे. त्याहून जास्त कोंबल्यास मान बुजते आणि रेझोनेटर नुसते खोके होऊन बसतो.

प्रश्न : छोट्या वाट्या लावल्यावर आवाज खुलला असे मला स्पष्ट जाणवते. हा भास समजायचा का?

उत्तर : आपल्याला जे जाणवते ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही, परंतु त्याचे कारण वाट्याच आहेत हे त्यावरून ठरत नाही. डोके काही सेंटिमीटर हलले तरी वरच्या स्वरांचा तोल बदलतो, आणि आवाज किंचित मोठा असला तर तो चांगलाच वाटतो. डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीत बसावे, आवाजाची पातळी जराही बदलू नये आणि सोबत्याला नाणे उडवून दर वेळी वाट्या लावायला किंवा काढायला सांगावे. आपण खोलीबाहेर न जाता, पण त्याच्याशी न बोलता, वाट्या आहेत की नाहीत एवढेच कागदावर लिहावे. निदान सोळा फेऱ्या कराव्यात. केवळ अंदाजाने त्यांतल्या आठांच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, म्हणून बारा किंवा अधिक बरोबर आली तरच फरक ऐकू येतो असे धरावे. तशी आली, तर कोणत्या वाटीमुळे ते शोधण्यासाठी एकेक वाटी काढून हीच चाचणी पुन्हा करावी.