कर्नलमधल्या कीपॅड ड्रायव्हरचा रिव्ह्यू करताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: सी भाषा चांगली येते, पण लिनक्स कर्नलसाठी लिहिलेला मॅट्रिक्स कीपॅडचा, म्हणजे रो-कॉलमच्या जाळीत बसवलेल्या बटणांचा, ड्रायव्हर पहिल्यांदाच रिव्ह्यूला आलाय. वाचून सगळं बरोबर वाटतंय, मग शोधायचं काय?

स्कॅनिंगच्या लूपपासून सुरुवात करू नका. कोणतं बटण दाबलं हे काढणारा भाग लिहिणाऱ्याने बोर्डावर भरपूर चालवून बघितलेला असतो आणि तिथली चूक लगेच दिसते. चुका दडून राहतात त्या ड्रायव्हर सुरू होताना, निघून जाताना आणि मशीन झोपताना. म्हणून मी आधी इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरच्या सिग्नलने चालणारं फंक्शन) गाठतो आणि तिथून मागे-पुढे वाचत प्रत्येक ओळीला विचारतो की या क्षणी दुसरं कोण चालू असू शकतं.

ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये बघायचं ते हे: इंटरप्ट मागितला की तो त्याच क्षणी येऊ शकतो. मशीन सुरू होताना कुणाचं बोट बटणावर असेल किंवा बूटलोडरने कंट्रोलरमध्ये काही बाकी ठेवलं असेल. त्यामुळे लॉक, वर्क (नंतर चालवायला ठेवलेलं काम), कीमॅप (कोणत्या बटणाला कोणता कीकोड ते सांगणारं टेबल), इनपुट डिव्हाइसचा पॉइंटर हे सगळं त्याआधी तयार हवं. इनपुट डिव्हाइस रजिस्टर झालेलं नसलं तरी चालतं, ते अलोकेट झालेलं असलं की पुरे. तेव्हा आलेला इव्हेंट पुढे कुठे पोहोचत नाही, पण काही बिघडतही नाही. तेवढ्यासाठी लेखकाला क्रम बदलायला लावू नका.

सर्वात जास्त वेळ द्या ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्हला. हल्ली जवळजवळ सगळं डेव्हएम प्रकारच्या (घेतलेलं नंतर आपोआप परत करणाऱ्या) फंक्शननी घेतात, त्यामुळे साफसफाई आपोआप होते असं वाटतं. होतेही, पण रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर, आणि घेतल्याच्या उलट क्रमाने. आता असा ड्रायव्हर घ्या: हँडलर डिबाउन्ससाठी (बटणाचा कंप थांबेपर्यंत वाट बघण्यासाठी) काही मिलिसेकंदांनंतरचं डिलेड वर्क लावतो आणि रिमूव्हमध्ये ते वर्क रद्द होतं. रद्द केलं त्या क्षणी इंटरप्ट मात्र जिवंतच आहे. तेवढ्यात कुणी बटण दाबलं तर हँडलर वर्क पुन्हा लावणार, आणि ते चालेल तेव्हा ड्रायव्हरची मेमरी मोकळी झालेली असेल. उपाय सोपा आहे. आधी इंटरप्ट बंद, मग वर्क रद्द. किंवा वर्क रद्द करण्याची कृती डेव्हएमकडेच सोपवा, पण इंटरप्ट मागण्याच्या आधी, म्हणजे उलट क्रमात इंटरप्ट पहिला सुटेल. हार्डवेअर चालू-बंद करण्याचं काम इनपुट डिव्हाइसच्या ओपन आणि क्लोजमध्ये असेल तर आणखी चांगलं. कुणी ऐकतच नसेल तर क्लॉक कशाला चालू ठेवायचं?

हँडलरच्या आत दोन गोष्टी हमखास तपासा. स्कॅन करताना कॉलमच्या लाइन हलवल्या की रोच्या लाइनही हलतात आणि ड्रायव्हर स्वतःलाच इंटरप्ट देत बसतो, म्हणून स्कॅनच्या आधी रोचे इंटरप्ट बंद करावे लागतात. पण हँडलरमधून ते बंद करताना नोसिंक (वाट न बघणारा) प्रकारच वापरायला हवा. साधा डिसेबल आयआरक्यू चालू हँडलर संपण्याची वाट बघतो, म्हणजे हँडलर स्वतःचीच वाट बघत अडकतो. दुसरं, लाइन आयस्क्वेअरसी बसवर जोडलेल्या एक्सपांडर चिपवर असतील तर त्या वाचताना झोपावं लागतं, आणि हार्ड इंटरप्टमध्ये झोपता येत नाही. तिथे स्वतंत्र थ्रेडमध्ये चालणारा थ्रेडेड हँडलर किंवा वर्कच लागेल.

कीमॅपची गंमत वेगळीच आहे. डिव्हाइस ट्रीमधली (हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमधली) कीमॅपची प्रत्येक नोंद ३२ बिटांची: ८ बिट रो, ८ बिट कॉलम, १६ बिट कीकोड. मात्र टेबलमधली जागा काढताना कॉलमची संख्या दोनाच्या पुढच्या घातापर्यंत वाढवली जाते. ४ रो आणि ५ कॉलम असतील तर शेवटच्या बटणाचा स्कॅनकोड (टेबलमधला क्रमांक) १९ नसून २८ येतो. लेखकाने चार गुणिले पाच म्हणून २० जागांचा अॅरे घेतला असेल तर शेवटच्या रोमधली बटणं अॅरेच्या बाहेर जातात. तयार हेल्पर ३२ जागा स्वतः घेतो, तोच वापरायला सांगा. तसंच कीकोड कॉन्स्ट टेबलमधून पाठवलेला चालणार नाही. यूजरस्पेसला कीमॅप बदलण्याची मुभा असते, तेव्हा वाचायचं ते इनपुट डिव्हाइसच्या टेबलमधूनच.

ऑटोरिपीटसाठी (बटण दाबून धरल्यावर कीकोड पुन्हा पुन्हा पाठवण्यासाठी) कुणी स्वतःचा टायमर लिहिला असेल तर काढायला लावा. इनपुट कोअर ते करतोच, मूळ सेटिंग २५० मिलिसेकंद थांबून दर ३३ मिलिसेकंदांनी.

सस्पेंडमध्ये जोड्या जुळवा: वेकअप (बटणाने झोपलेलं मशीन जागं होणं) चालू केला तर रिझ्युममध्ये त्याच अटीवर बंद होतो का? डिव्हाइस कुणी उघडलेलंच नसताना रिझ्युम स्कॅनिंग सुरू करतो का? इथे बऱ्याच ड्रायव्हरांत गफलत असते. क्लॉक चालू करण्याचा एरर तपासलाय का, आयआरक्यू नंबर अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये ठेवून ऋण एरर हरवलाय का, हे एका नजरेत दिसतं.

लेखकाला केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा), लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा) आणि डीबग टेस्ट ड्रायव्हर रिमूव्ह हे पर्याय चालू करून कर्नल बूट करायला सांगा. शेवटचा पर्याय प्रत्येक ड्रायव्हर प्रोब करून लगेच काढतो आणि पुन्हा प्रोब करतो, त्यामुळे रिमूव्हची बाजू निदान एकदा तरी चालते. शिवाय इव्हीटेस्ट (इनपुटचे इव्हेंट दाखवणारा प्रोग्राम) उघडा ठेवून, बटणं दाबत असताना ड्रायव्हर सिसएफएसमधून (कर्नलच्या फाइलरूपी सेटिंगमधून) अनबाइंड-बाइंड करून, म्हणजे काढून पुन्हा जोडून, बघायला हवा.

शेरा लिहिताना नुसतं “इथे रेस आहे” (दोन गोष्टी एकाच वेळी चालून गोंधळ होतो) म्हणू नका. पहिल्या सीपीयूवर काय चाललंय, दुसऱ्यावर काय, कोणत्या ओळीपाशी मेमरी सुटते, हे क्रमाने लिहा, म्हणजे लेखकाला पटतं आणि तुमचंच काही चुकलं असेल तर तेही त्याला दाखवता येतं. रिव्ह्यूड-बाय (मी हा कोड तपासला असं सांगणारा टॅग) मात्र सगळा कोड समजल्यावरच द्या. चिपची डेटाशीट हाताशी नसल्यामुळे रजिस्टरचा भाग तपासता आला नसेल, तर टॅग न देता तसं स्पष्ट लिहा. मेंटेनरला (कर्नलचा तो विभाग सांभाळणाऱ्याला) तो भाग दुसऱ्या कुणाकडून बघून घेता येतो.